मत्स्यत्वचा व खवले, गोड्या पाण्यातील माशांचे

नद्या, ओढे, तलाव, दलदली, विहिरी व भूमिगत जलाशय यांत राहणाऱ्या माशांच्या शरीरावरील बाह्य आवरण. या आवरणात श्लेष्मल (बुळबुळीत द्रव्य स्रवणारी) त्वचा आणि बहुतेक जातींत त्वचेत रुतलेले खवले यांचा समावेश होतो. पाण्याचा वेग, तळाचे स्वरूप, गढूळपणा, तापमान, विरघळलेल्या ऑक्सिजनाचे व कॅल्शियमाचे प्रमाण, प्रकाश आणि भक्षक प्राणी यांस अनुसरून या आवरणात पुष्कळ विविधता आढळते. काही माशांत खवले तळहाताएवढे मोठे, तर काहींत भिंगाशिवाय दिसू नयेत इतके लहान असतात. काहींत ते मुळीच नसतात आणि काहींत त्यांच्या जागी हाडांचे चिलखत असते.

माशांच्या वर्गीकरणात खवल्यांचा उपयोग फार पूर्वीपासून होत आला आहे. स्विस शास्त्रज्ञ लुई ॲगासी यांनी जीवाश्म मत्स्यांवरील आपल्या ग्रंथात (१८३३–४३) खवल्यांच्या स्वरूपावरून माशांचे चार गण पाडले होते. ही वर्गीकरणपद्धती पुढे मागे पडली. परंतु खवल्यांच्या प्रकारांची त्यांनी रूढ केलेली नावे आजही वापरली जातात. फ्रान्सिस डे यांच्या भारतीय मत्स्यांवरील ग्रंथातही (१८७५–७८) जाती ओळखण्यासाठी पार्श्वरेखेवरील (शरीराच्या दोन्ही बाजूंस असणाऱ्या संवेदनग्राही रेषेवरील) खवल्यांची संख्या हे एक प्रमुख लक्षण मानले आहे.

त्वचेची रचना : इतर पृष्ठवंशी प्राण्यांप्रमाणे माशांच्या त्वचेचेही बाह्यत्वचा व अंतस्त्वचा असे दोन स्तर असतात. मात्र जमिनीवरील प्राण्यांच्या बाह्यत्वचेवर मृत, शुष्क कोशिकांचा जो थर असतो तो माशांत सामान्यतः नसतो. पृष्ठभागापर्यंतच्या सर्व कोशिका जिवंत असतात. त्यामुळे माशाची त्वचा नाजूक असते व कोरड्या हाताच्या स्पर्शानेही तिला इजा पोहोचते. बाह्यत्वचेत श्लेष्मा स्रवणाऱ्या असंख्य कोशिका असतात. श्लेष्म्याच्या पातळ थरामुळे पाण्याशी होणारे घर्षण कमी होते, परजीवी व सूक्ष्मजंतू त्वचेस चिकटून राहू शकत नाहीत आणि जखमांवर तात्काळ आच्छादन तयार होते. श्लेष्म्यात सूक्ष्मजंतुनाशक एंझाइमे व प्रतिपिंडेही असतात. ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातील डिस्कस या माशाची पिले तर प्रारंभी मातापित्यांच्या अंगावरील श्लेष्मा खाऊन वाढतात.

अंतस्त्वचा संयोजी ऊतकाची बनलेली असून तिचा वरचा भाग सैल व खालचा घट्ट असतो. तिच्यात रक्तवाहिन्या, तंत्रिका व वर्णकोशिका असतात. खवले याच स्तरात, लहान खिशांसारख्या पोकळ्यांत उत्पन्न होतात. नख किंवा केस यांप्रमाणे ते बाह्यत्वचेपासून तयार होत नाहीत, तर त्यांचे नाते हाडांशी आहे.

गोड्या पाण्यात राहणाऱ्या माशापुढील एक मूलभूत अडचण म्हणजे त्याच्या शरीरद्रवातील लवणांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यातील प्रमाणापेक्षा पुष्कळ अधिक असते. त्यामुळे तर्षणाने पाणी सतत शरीरात शिरू पाहते व लवणे बाहेर जाऊ पाहतात. ही देवघेव मुख्यतः क्लोमांतून (कल्ल्यांतून) होते. अतिरिक्त पाणी वृक्कांवाटे विपुल व विरल मूत्राच्या रूपाने टाकले जाते आणि क्लोमांतील विशिष्ट कोशिका पाण्यातून लवणे शोषून घेतात. उरलेल्या सर्व पृष्ठभागावरून होणारी ही गळती थोपविण्याचे काम अखंड त्वचा करते. म्हणूनच अंगावरील खवले मोठ्या प्रमाणात निघाल्यास मासा केवळ जखमेने नव्हे, तर शरीरातील लवणांचा तोल बिघडूनही मरू शकतो. खवल्यांतील आणि त्वचेतील फरकांचा विचार करताना हे कार्य सर्व अधिवासांत समान आहे, हे लक्षात ठेवावे लागते.

खवल्यांचे प्रकार : शार्क, मुशी इ. उपास्थिमत्स्यांचे दंताभ खवले गोड्या पाण्यात क्वचितच पाहावयास मिळतात. उत्तर अमेरिकेतील गार व आफ्रिकेतील पॉलिप्टेरस या प्राचीन वंशांत चौकटीच्या आकाराचे, जाड व चकचकीत गॅनॉइड खवले असतात. ते एकमेकांस सांधलेले असल्याने सर्व शरीराभोवती कठीण कवच तयार होते. स्टर्जन माशात अशा आवरणाऐवजी हाडांच्या तकटांच्या पाच रांगा असतात.

गोड्या पाण्यातील बहुतेक अस्थिमत्स्यांचे खवले पातळ व लवचिक असून ते कौलांप्रमाणे एकमेकांवर अंशतः रचलेले असतात. त्यांची मोकळी कडा शेपटीकडे असते. अशा प्रत्येक खवल्यात वरचा थर खनिजयुक्त व कठीण, तर खालचा थर कोलॅजन तंतूंच्या एकावर एक रचलेल्या पदरांचा असतो. मोकळी कडा गुळगुळीत असल्यास त्यास चक्राभ (सायक्लॉइड) खवला म्हणतात. रोहू, कटला, मृगळ, महसीर इत्यादींचे खवले या प्रकारचे असतात. कडेवर बारीक दाते असल्यास त्यास कंकताभ (टीनॉइड) खवला म्हणतात. पर्च, ॲनाबस, नँडस यांत हा प्रकार आढळतो.

पिलू लहान असतानाच खवल्यांची संख्या ठरते. नंतर मासा वाढतो तसे खवले आकाराने वाढतात, संख्येने नव्हे. मात्र ही संख्या ठरण्याच्या काळात पाण्याच्या तापमानाचा तिच्यावर परिणाम होतो. ट्राउटसारख्या माशांची अंडी निरनिराळ्या तापमानांत उबवून पाहिली असता थंड पाण्यात वाढलेल्या पिलांत खवले सामान्यतः अधिक भरतात असे आढळून आले आहे. एकाच जातीच्या दोन नद्यांतील माशांत काही खवल्यांचा फरक दिसला, तर तो आनुवंशिकच असेल असे म्हणूनच म्हणता येत नाही.

वंशपरंपरा व अधिवास : वेगवान पाण्यात लहान खवले, संथ पाण्यात मोठे खवले व चिखलात खवल्यांचा अभाव असा ढोबळ नियम पुष्कळदा सांगितला जातो. तो काही अंशीच खरा आहे. सह्याद्रीतील एकाच ओढ्यात मोठ्या खवल्यांचा महसीर व खवलेरहित शिंगट्यांच्या जाती एकत्र राहतात. महसीर कार्प कुलातील असल्याने त्याला खवले आहेत. शिंगट्यांच्या पूर्वजांनी ते फार प्राचीन काळीच गमावले. आवरणाचा मूळ आराखडा अशा रीतीने वंशपरंपरेने ठरतो आणि अधिवास त्या आराखड्याच्या मर्यादेत निवड करीत असतो. यामुळे अधिवासाचा परिणाम पाहावयाचा तर परस्परांशी निकटचे नाते असलेल्या, परंतु निरनिराळ्या ठिकाणी राहणाऱ्या माशांची तुलना करणे अधिक योग्य ठरते.

मोठ्या नद्या व तलाव : खुल्या पाण्यात सतत पोहणाऱ्या कार्प माशांत मध्यम आकाराचे, नियमित रांगांत बसविलेले चक्राभ खवले असतात. रोहू, कटला व मृगळ यांच्या पार्श्वरेखेवर सु. ४० ते ४५ खवले असतात. महसिरात ही संख्या बहुधा २२ ते २८ इतकीच असून मोठ्या महसिराचा एकेक खवला माणसाच्या तळहाताएवढा भरतो. दख्खनमधील महसिराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून १८३९ मध्ये केले व त्यास खुद्री हे स्थानिक नावच जातिवाचक म्हणून दिले. पावसाळ्यात खडकाळ प्रवाहांतून वर चढणाऱ्या या जड माशाच्या अंगावरील मोठे, भक्कम खवले खडकांच्या घर्षणापासून त्याचे रक्षण करतात.

पृष्ठभागाजवळ थव्याने राहणाऱ्या अळकुटासारख्या लहान माशांचे खवले याउलट पातळ व सहज गळून पडणारे असतात. त्यांच्या त्वचेत ग्वानीन या द्रव्याचे चपटे स्फटिक असतात. त्यांवरून प्रकाश आरशाप्रमाणे परावर्तित होतो व मासा भोवतालच्या पाण्यात मिसळून गेल्यासारखा दिसतो. पाठ गडद व पोट रुपेरी अशी रंगयोजना याच कारणाने खुल्या पाण्यातील माशांत सर्वत्र आढळते. सामन माशाची पिले नदीत असताना अंगावर गडद पट्टे बाळगतात, परंतु समुद्राकडे निघण्याच्या सुमारास ग्वानीन साचून ती रुपेरी होतात; म्हणजे अधिवास बदलण्यापूर्वीच आवरण बदलते.

ॲमेझॉनच्या पूरमैदानांतील तलावांत राहणाऱ्या ॲरापायमा या प्रचंड माशाचे खवले सु. १० सेंमी. पर्यंत लांब असतात. त्यांचा बाह्य थर अतिशय कठीण व खनिजमय असून आतील कोलॅजनाचे पदर एकावर एक वळत जाणाऱ्या दिशांनी रचलेले असतात. बाह्य थरावर पिरान्हा माशाचा दात बोथट होतो वा मोडतो आणि पडलेली भेग आतील पदरांत पसरत नाही. पिरान्हांच्या सान्निध्यात राहणाऱ्या माशास असे आवरण उपकारक ठरले आहे.

डोंगरी ओढे : डोंगरातील खळाळत्या पाण्यात वाहून न जाणे हीच माशापुढील मुख्य समस्या असते. भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा (१८९६–१९५५) यांनी अशा प्रवाहांतील प्राण्यांचा व त्यांच्या चिकटण्याच्या इंद्रियांचा विस्तृत अभ्यास केला. त्यांचा यावरील प्रबंध १९३० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. या माशांत शरीर खालून चपटे होते, छातीचे व पोटाचे पर आडवे पसरतात आणि खडकास टेकणारा पोटाकडील पृष्ठभाग खवल्यांपासून मुक्त होतो. बॅलिटोरा वंशात पाठीवर व बाजूंवर खवले असतात, परंतु छाती व पोटाचा पुढचा भाग उघडा असतो. गॅरा वंशातील माशांत (उदा., सह्याद्रीतील मळ्या) मुखामागे, हनुवटीवर मांसल चकती असते, तिच्या साहाय्याने मासा खडकास घट्ट धरून राहतो.

ग्लिप्टोथोरॅक्स या लहान शिंगट्यात छातीवरील त्वचेस उभ्या, तर सूडेकेनिस या हिमालयीन वंशात आडव्या घड्या पडलेल्या असतात. या घड्यांवरील बाह्यत्वचेत केराटिनयुक्त सूक्ष्म काटे असतात. वर सांगितल्याप्रमाणे माशांच्या त्वचेत केराटिनाचा थर सामान्यतः नसतो. तो नेमका खडकाशी घर्षण होते तेथेच उत्पन्न झालेला दिसतो. या जागी श्लेष्मा स्रवणाऱ्या कोशिकाही कमी असतात, कारण बुळबुळीतपणा येथे अपायकारक ठरला असता. एकाच माशाच्या पाठीवरील व छातीवरील त्वचेत पडलेला हा फरक अधिवासाच्या प्रभावाचे स्पष्ट उदाहरण होय. हिमालयात व सह्याद्रीत परस्परांसारखे डोंगरी मासे कसे आढळतात, याचा उलगडा करण्यासाठी होरा यांनी सातपुडा पर्वताच्या मार्गाने त्यांचा प्रसार झाला असावा, असा सिद्धांत मांडला होता; त्याविषयी शास्त्रज्ञांत मतभेद आहेत.

थंड व उंच प्रदेश : ट्राउट माशाच्या पार्श्वरेखेवर शंभराहून अधिक बारीक खवले असतात. हिमालयातील नद्यांत राहणारे शायझोथोरॅक्स वंशातील मासे (हिमट्राउट) कार्प कुलातील असूनही त्यांचे खवले असेच बारीक असतात. केवळ गुदद्वार व गुदपर यांच्या दोन्ही बाजूंस मोठ्या खवल्यांची एक रांग असते. या गटात उंचीनुसार खवल्यांचा ऱ्हास टप्प्याटप्प्याने झालेला दिसतो. तुलनेने कमी उंचीवरील जातींत सर्व अंगावर बारीक खवले असतात. मध्यम उंचीवरील डिप्टिकस वंशात ते अंशतः नष्ट झालेले असतात. तिबेटच्या पठारावरील जिम्नोसायप्रिस व शायझोपायगॉप्सिस या वंशांत गुदपराजवळील रांग व स्कंधाजवळील काही खवले वगळता शरीर उघडे असते. लडाखमध्ये सिंधू नदीत डिप्टिकस व शायझोपायगॉप्सिस हे दोन्ही वंश आढळतात. या ऱ्हासाचा संबंध पठाराच्या उत्थानाशी व त्यामुळे आलेल्या थंड हवामानाशी जोडला जातो.

दलदल, चिखल व आटणारी पाणथळे : उन्हाळ्यात आटणाऱ्या तळ्यांत पाणी तापते, ऑक्सिजन घटतो व माशास चिखलात आश्रय घ्यावा लागतो. अशा ठिकाणी खवलेरहित, जाड व अतिशय बुळबुळीत त्वचा असणारे मागूर व शिंगी हे मासे विपुल असतात. हवेत श्वसन करण्यासाठी त्यांना साहाय्यक श्वसनेंद्रिये असतातच. शिवाय रक्तवाहिन्यांनी समृद्ध अशा ओल्या त्वचेतूनही काही ऑक्सिजन घेतला जातो. अहेर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सर्पाकार माशाचे खवले अतिशय बारीक, लांबट व त्वचेत पूर्णपणे रुतलेले असतात. ते चटईच्या विणीप्रमाणे एकमेकांशी काटकोनात रचलेले असून मासा गोड्या पाण्यात आल्यावर काही वर्षांनी उत्पन्न होतात. ओल्या गवतातून एका पाणवठ्यातून दुसऱ्यात जाताना तो मोठ्या प्रमाणात त्वचेद्वारे श्वसन करतो. रेतीत व दगडगोट्यांत शिरणाऱ्या वाम माशाचेही खवले असेच बारीक असतात; मोठे खवले अशा हालचालीत अडथळा ठरले असते.

परंतु चिखलात राहण्याचा हाच एक मार्ग नाही. मरळ व ॲनाबस हे मासेही याच पाणथळ्यांत राहतात व हवेत श्वसन करतात. त्यांना मात्र पूर्ण विकसित, मजबूत खवले असतात. मरळीच्या डोक्यावर सापाच्या डोक्यावरील तकटांसारखे मोठे खवले असतात. जमिनीवरून सरकणाऱ्या ॲनाबसाला कठीण खवल्यांमुळे ओरखड्यांपासून व शुष्कतेपासून संरक्षण मिळते. एकाच अडचणीवर दोन वंशांनी अशा रीतीने दोन निरनिराळे उपाय योजलेले आढळतात.

आफ्रिकेतील प्रोटोप्टेरस या फुप्फुसमीनाची तऱ्हा आणखी वेगळी आहे. पाणी आटू लागले की तो चिखलात बीळ करून अंगाभोवती श्लेष्म्याचा कोश तयार करतो. कोश वाळून कागदासारखा होतो व तोंडाशी श्वासासाठी छिद्र राहते. या अवस्थेत तो अनेक महिने, प्रसंगी काही वर्षेही जिवंत राहतो. हा कोश केवळ वाळलेला श्लेष्मा आहे असे पूर्वी समजत. परंतु २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्यात जिवंत संरक्षक कोशिका असून त्या जंतूंना पकडून ठेवतात.

भूमिगत पाणी : अंधारात रंगाचा उपयोग नसतो व भक्षकही थोडे असतात. केरळमधील कोट्टयमजवळच्या विहिरींतून सापडलेला होराग्लॅनिस कृष्णाय हा आंधळा शिंगटा १९५० मध्ये वर्णिला गेला. त्याची त्वचा खवलेरहित व वर्णहीन असून आतील रक्तामुळे तो तांबूस दिसतो. मेक्सिकोतील गुहांत राहणाऱ्या ॲस्टियानॅक्स माशात रंग व डोळे नष्ट झाले आहेत, पण पाण्यातील सूक्ष्म हालचाली ओळखणारी त्वचेवरील संवेदनांगे त्याच जातीच्या नदीतील माशांपेक्षा संख्येने अधिक व आकाराने मोठी आहेत. याउलट मेघालयातील गुहांतून मिळालेल्या व २०२३ मध्ये वर्णिलेल्या निओलिसोकायलस प्नार या महसिराच्या नातेवाइकाने रंग गमावला असला, तरी खवले गमावलेले नाहीत. आवरणाची सर्व लक्षणे एकाच वेगाने बदलत नाहीत, हे यावरून दिसते.

चिलखती मासे : शिंगट्यांच्या दक्षिण अमेरिकेतील काही कुलांत खवले पुन्हा उत्पन्न झाले नाहीत, परंतु अंतस्त्वचेत हाडांची तकटे तयार होऊन सर्व अंग झाकले गेले. काचपात्रातील शेवाळ खाण्यासाठी पाळला जाणारा टेरिगॉप्लिक्थिस हा मासा यांपैकीच होय. हौशी पाळकांनी सोडून दिल्यामुळे वा निसटल्यामुळे तो केरळ, तमिळनाडू, आंध्र प्रदेश, प. बंगाल इ. राज्यांतील पाण्यात पसरला आहे. त्याच्या तकटांमुळे व काट्यांमुळे स्थानिक भक्षक मासे त्यास सहसा खाऊ शकत नाहीत, मच्छीमारांची जाळी फाटतात व बाजारात त्यास किंमत येत नाही. मूळ अधिवासात उपयुक्त असलेले आवरण परक्या पाण्यात इतरांस उपद्रवी कसे ठरते, याचे हे उदाहरण होय.

अल्पकाळात होणारे बदल : अधिवासानुसार आवरण बदलण्यास नेहमीच लक्षावधी वर्षे लागतात असे नाही. उत्तर गोलार्धातील तीनकाटी (स्टिकलबॅक) माशाच्या सागरी प्रकारात दोन्ही कुशींवर प्रत्येकी तीसहून अधिक अस्थितकटे असतात. गोड्या पाण्यात स्थायिक झालेल्या समूहांत ती बहुधा दहापेक्षा कमी असतात. तकटांच्या संख्येवर मुख्य प्रभाव असणारा जीन (आनुवंशिक घटक) २००५ मध्ये ओळखण्यात आला. अलास्कातील लोबर्ग सरोवरातील सर्व मासे १९८२ मध्ये विष घालून नष्ट करण्यात आले होते. पुढे सागरी तीनकाटी मासे तेथे शिरले. १९९० मध्ये त्यांत पूर्ण चिलखत असलेलेच जवळजवळ सर्व होते. २००१ पर्यंत त्यांचे प्रमाण ११ टक्क्यांवर आले व अल्प तकटांच्या माशांचे प्रमाण ७५ टक्के झाले. गोड्या पाण्यात कॅल्शियम कमी असणे, भक्षकांचे स्वरूप बदलणे आणि चिलखताचा खर्च वाचल्याने पिलांची वाढ जलद होणे ही याची संभाव्य कारणे मानतात.

सिएटलजवळील वॉशिंग्टन सरोवरात उलट दिशेने बदल झाला. शहराचे सांडपाणी सरोवरात सोडणे १९६८ पर्यंत बंद झाल्यावर गढूळ पाणी स्वच्छ झाले. त्या सुमारास पूर्ण चिलखताचे तीनकाटी मासे सु. ६ टक्के होते. २००५ मध्ये ते जवळजवळ निम्मे झाले. स्वच्छ पाण्यात ट्राउटना भक्ष्य दुरून दिसू लागल्यामुळे चिलखती माशांना लाभ झाला असावा, असे संशोधकांचे मत आहे.

मानवाने केलेल्या निवडीचे उदाहरण सायप्रिनस (सामान्य कार्प) या माशात मिळते. यूरोपात तळ्यांतून पाळताना, स्वच्छ करण्यास सोपे म्हणून, थोड्या मोठ्या खवल्यांचे ‘आरसा’ कार्प व जवळजवळ खवलेरहित ‘चामडी’ कार्प हे प्रकार जोपासले गेले. आरसा कार्प १९३९ मध्ये श्रीलंकेतून निलगिरीत आणण्यात आला. मादागास्करमध्ये हाच प्रकार १९१२ च्या सुमारास फ्रान्समधून नेण्यात आला होता. तो तेथील नैसर्गिक पाण्यात पसरल्यावर एका शतकाच्या आत सर्वांगावर खवले असलेले मासे पुन्हा दिसू लागले. मूळ जीनमधील दोष कायम असूनही इतर जीनांच्या साहाय्याने हा बदल घडल्याचे २०१६ मध्ये दाखविण्यात आले. संरक्षित तळ्यात खवल्यांवाचून अडत नाही, परंतु भक्षक व परजीवी असलेल्या खुल्या पाण्यात अडते.

धोक्याची सूचना : कार्प, शिंगटे व त्यांच्या नातेवाइकांच्या बाह्यत्वचेत गदेच्या आकाराच्या मोठ्या कोशिका असतात. त्वचा फाटली म्हणजे तीमधून पाण्यात पसरणाऱ्या द्रव्याने त्याच जातीचे इतर मासे सावध होऊन पळतात किंवा तळाशी दडतात. कार्ल फोन फ्रिश यांनी १९३८ मध्ये मिनो माशात हा परिणाम प्रथम नोंदविला.

वयमापन : खवल्यावर समकेंद्री रेषा असतात. वाढ मंदावली की त्या जवळजवळ येतात व वार्षिक वलय दिसते. कार्पच्या खवल्यांवरून वय ठरविण्याची पद्धत सी. हॉफबाउअर यांनी १८९८ मध्ये मांडली. समशीतोष्ण प्रदेशांत वलये हिवाळ्यामुळे पडतात. भारतीय कार्प माशांत ती बहुधा प्रजननकालाच्या सुमारास, अन्नग्रहण व वाढ मंदावल्याने पडतात. नदीत चढताना उपाशी राहणारा सामन आपल्या खवल्यांतील कॅल्शियम शोषून घेतो व त्याची खूण खवल्यावर राहते. गळून पडलेल्या खवल्याच्या जागी नवा येतो, परंतु त्याच्या मध्यभागी रेषा नसल्याने तो वयमापनास निरुपयोगी असतो. जलाशयात कोणत्या वयाचे मासे पकडले जात आहेत हे यावरून समजते; पहिल्या प्रजननापूर्वीचेच मासे जाळ्यात येऊ लागले, तर जाळ्याची आसे मोठी करणे व प्रजननकालात मासेमारी बंद ठेवणे आवश्यक ठरते.

रोग व प्रदूषण : सॅप्रोलेग्निया या कवकसदृश जीवाची कापसासारखी वाढ प्रायः जखमी त्वचेवरच होते. ॲफॅनोमायसिस इन्व्हेडन्स या जीवामुळे होणारा व्रणकारी साथरोग १९८८ मध्ये भारतात शिरला व मरळ, पुंटी इ. अनेक जातींत अंगावर खोल व्रण पडून मोठी हानी झाली. त्वचेवरील बारीकशा इजेतूनही या जीवाच्या बीजाणूंना शिरकाव मिळतो. आम्लयुक्त पाणी, जड धातू व प्रक्षालके (साबणासारखी कृत्रिम द्रव्ये) यांच्या संपर्काने श्लेष्म्याचे प्रमाण एकदम वाढते, नंतर श्लेष्मल कोशिका रिकाम्या होतात व बाह्यत्वचा झडू लागते. मासे मरण्यापूर्वीच त्वचेत दिसणारे हे बदल पाण्याच्या दूषिततेची आगाऊ सूचना देतात. मत्स्यबीजाची वाहतूक करताना ओल्या हाताने व मऊ जाळीने मासे हाताळणे, तसेच ते सोडण्यापूर्वी मिठाच्या सौम्य द्रावणात थोडा वेळ बुडविणे इष्ट असते.

अधिवासातील फेरबदल : एखाद्या विशिष्ट परिस्थितीस जुळलेले आवरण ती परिस्थिती नष्ट झाल्यावर निरुपयोगी ठरते. धरणामुळे खळाळता ओढा संथ जलाशयात बदलला किंवा वाळू-उपसा, रस्तेबांधणी व जंगलतोड यांमुळे खडकांवर गाळ साचला, की चिकटून राहण्यास स्वच्छ पृष्ठभाग उरत नाही. गॅरा, बॅलिटोरा, ग्लिप्टोथोरॅक्स यांसारख्या माशांना अशा ठिकाणी स्थान राहत नाही. त्यांची जागा चिखल व संथ पाणी सहन करणाऱ्या, बहुधा बाहेरून आणलेल्या जाती घेतात. हे मासे लहान व बाजारात बिनमोल असल्याने त्यांचे नाहीसे होणे मच्छीमारीच्या आकड्यांत दिसून येत नाही. महसिराच्या संवर्धनासाठी लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा वीज कंपन्यांनी १९७० नंतरच्या दशकात बीजकेंद्र सुरू केले. महाडजवळ काळ नदीतील वाळण कोंड या डोहातील महसिरांना देवाचे मासे मानून स्थानिक लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या अभय दिले आहे. मात्र पिले सोडण्याने किंवा एखादा डोह राखण्याने माशांची संख्या टिकली, तरी प्रवाहाचा वेग, तळाचे खडक व पाण्याची स्वच्छता यांची भरपाई होत नाही.

उपयोग : ब्लीक या यूरोपीय माशाच्या खवल्यांवरील ग्वानिनापासून कृत्रिम मोत्यांस झळाळी देण्याचा धंदा फ्रान्समध्ये सतराव्या शतकात सुरू झाला. खवले व त्वचा यांपासून कोलॅजन, जिलेटीन व सरस मिळविता येतो. ब्राझीलमध्ये टिलापिया माशाची निर्जंतुक केलेली त्वचा भाजलेल्या जखमांवर आच्छादन म्हणून वापरण्याचे प्रयोग करण्यात आले असून त्यांत जखम ओलसर राहणे व मलमपट्टी वारंवार बदलावी न लागणे हे लाभ दिसून आले आहेत. बाजारात टाकाऊ म्हणून फेकल्या जाणाऱ्या खवल्यांचा अशा रीतीने उपयोग होऊ शकतो.